परत न येणारं हेड

त्या दिवशी बाबांची दाढ दुखली नसती, तर ही गोष्ट घडलीच नसती. बाबा दवाखान्यात गेले, वर्कशॉपात ती एकटी उरली, आणि नेमक्या त्याच वेळी एका जुन्या निळ्या ट्रकचा मालक इंजिनाचं हेड, म्हणजे इंजिनावरचं जड लोखंडी झाकण, पोत्यात गुंडाळून, पोटाशी धरून आत शिरला. एकटाच. ते हेड उचलायला एरवी दोघं लागतात.

"कंबर मोडून घ्यायची असेल तर बाहेर जाऊन मोडा," ती म्हणाली आणि दुसरं टोक धरलं.

हेड टेबलावर टेकलं. तो धापा टाकत म्हणाला, "मिस्त्री कुठे आहेत?"

"बोला."

"तुम्ही?"

"का, मिशा हव्या होत्या?"

तो ओशाळला... आणि मग हसला. "नाही हो. मिस्त्री, गाडी चढावर तापते. दोनदा हेड तडकलं. आता पुन्हा तडकलं तर गाडी भंगारात."

आता बघा, आठ वर्षं ती त्या टेबलाशी उभी होती. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणायची, म्हातारे बेटा म्हणायचे, बाकीचे काहीच न म्हणता बाबांना शोधायचे. मिस्त्री म्हणणारा हा पहिलाच. तिनं फडकं घेतलं आणि स्वच्छच असलेलं टेबल पुसलं.

मग ती मुद्द्यावर आली. "पाण्याचा पंप पुढे आहे. मागच्या सिलिंडरपर्यंत पाणी पोचतं तेच तापलेलं, आणि तेही थोडं. या जुन्या इंजिनांची खोडच आहे ती. मागच्या बाजूला मी चार नवी भोकं पाडते. पाण्याला वाट झाली की हेड थंड राहील."

"आणि नाही राहिलं तर?"

"माझं हेड परत येत नाही."

"म्हणजे मग... मलाही परत यायला नको."

"नको."

"हं," तो म्हणाला.

त्या 'हं'चा अर्थ काय, हे ती संध्याकाळपर्यंत शोधत होती. सुटकेचा होता? की वाईट वाटल्याचा? एका अक्षरावर माणसानं एवढा विचार करावा का, असं स्वतःला बजावून तिनं पुन्हा पहिल्यापासून विचार केला.

काम चार दिवसांचं होतं. चारही दिवस तो 'कुठवर आलं' बघायला आला. वर्कशॉपात एकच स्टूल, तेही बाबांचं. गिऱ्हाइकाला बसायला दिलं की ते बोलत बसतं, हा बाबांचा कायदा. त्यामुळे तो दाराच्या खांबाला टेकून उभा राहायचा. उभ्यानंही बरंच बोलायचा, हे वेगळं सांगायला नको. दाढ काढून आलेले बाबा सुजल्या गालानं ऐकत लेथ मशीन चालवायचे.

"तुम्ही भोक पाडताना श्वास रोखता," तो एकदा म्हणाला.

"तुम्ही माझा श्वास बघता की हेड?"

"हेडच... बहुतेक."

झालं. त्या 'बहुतेक'नं तिचा पुढचा दिवस खाल्ला. काम चांगलं झालं तर तो पुन्हा येणार नाही. वाईट झालं तर येईल, पण मग मिस्त्री कोणत्या तोंडानं म्हणवून घ्यायचं? तिला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही एकदम मिळणार नव्हतं. जेवताना तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं. बाबा मुकाट्यानं जेवले.

पाचव्या दिवशी तो हेड न्यायला आला. बसवणार तो स्वतःच होता. एकच काम राहिलं होतं. हेड आणि इंजिन यांच्या मध्ये जो पत्रा बसतो, त्या गॅस्केटला तीच चार भोकं पाडायची होती. ती पंच आणि हातोडी घेऊन वळली, तेवढ्यात तो म्हणाला, "चला... म्हणजे आता आपली भेट नाही."

"नाही," ती म्हणाली. पंच खाली ठेवला, खिळ्यावरचं गॅस्केट काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

सहाव्या दिवशी तो हेड घेऊन दारात.

"तापली," तो म्हणाला.

तिला आधी आनंद झाला. मग आनंद झाल्याची लाज वाटली. मग तिनं त्यानं सोबत आणलेलं गॅस्केट उलटं करून पाहिलं, आणि बाकी सगळं विसरली. गॅस्केटवर हेडच्या नव्या भोकांचे चार गोल ठसे होते. त्या ठशांवर भोक एकही नव्हतं. तिनं पाण्याला वाट करून दिली होती आणि त्याच वाटेवर पत्रा ठोकून दिला होता.

रेडिएटर गंजलाय, असं सांगून नवं गॅस्केट देता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. तिनं गॅस्केट टेबलावर ठेवलं.

"चूक माझी आहे. ही भोकं पाडायची राहिली."

"माहीत आहे. बसवतानाच दिसलं."

"मग तसंच बसवलंत?"

"मला वाटलं..." तो हेडकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, मुद्दाम ठेवलंय. मी परत यावं म्हणून."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी माझं काम मुद्दाम बिघडवीन? आणि तुम्ही गाडी तशीच चढावर घातलीत? तडकलं असतं म्हणजे?"

"गाडी रिकामी होती. तापमानाचा काटा वर सरकला तसा परत फिरलो. पण मिस्त्री, मुद्दाम नाही... तर मग तुम्ही विसरलात कशा? तुमचं तर हेड परत येत नाही."

तिनं त्या चार ठशांकडे पाहिलं. खरंच, कशी विसरली? आठ वर्षांत एक भोक विसरली नव्हती, आणि इथे एकदम चार.

"तुम्ही म्हणालात आता भेट नाही," ती सावकाश म्हणाली. "तेव्हा पंच माझ्या हातात होता. मला वाईट वाटलं. एवढं का वाटलं ते कळेना... आत्ता कळतंय. मला तुम्ही आवडता. याचं पुढे काय करायचं, ते मात्र मला खरंच माहीत नाही."

पलीकडे लेथ मशीन बंद झालं होतं. कधी झालं, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"मग मी आता काय बोलू?" त्यानं विचारलं.

"काही नका बोलू. नवं गॅस्केट धरा. हलवू नका."

त्यानं धरलं. तिनं चार भोकं पाडली. त्याची बोटं पंचापासून दोन इंचांवर होती आणि त्यानं ती मागे घेतली नाहीत. हेड रिक्षात ठेवून तो गेला, आणि खरोखरच काही बोलला नाही.

एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. हेड परत आलं नाही, म्हणजे काम फत्ते. मग तिला रडू का येत होतं? आपणच म्हटलं बोलू नका... पण असं कुणी ऐकतं का?

नवव्या दिवशी तो आला. चालत, रिकाम्या हातानं, इस्त्रीचा शर्ट घालून.

"गाडी?" तिनं विचारलं.

"ठणठणीत. भरलेल्या गाडीनं आठ फेऱ्या मारल्या त्याच चढावर. काटा मधोमध."

"आठ कशाला? एका फेरीत कळलं असतं."

"गाडीचं कळलं असतं." त्यानं हात उगाचच पँटला पुसले. "मी दुसऱ्या दिवशी आलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, हा गाडीसाठी आलाय. आता गाडीला काही झालेलं नाही. होईल असंही वाटत नाही. मी तुमच्यासाठी आलोय. मलाही तुम्ही आवडता... पोत्याचं दुसरं टोक धरलंत तेव्हापासून."

तिनं टेबल पुसायला घेतलं. फडकं हातात नव्हतंच, हे तिला जरा वेळानं कळलं.

बाबा उठले. त्यांनी पायानं स्टूल त्याच्याकडे सरकवलं आणि गालावर हात ठेवला.

"दाढ फार ठणकतेय," ते म्हणाले. "दवाखान्यात जाऊन येतो. वेळ लागेल."

ती दाढ काढून पंधरा दिवस होत आले होते.