आतल्या कप्प्याचा पारा

"मुंगळे उगाच गोळा होत नाहीत," टिटवी जमिनीवर पालथी पडून म्हणाली.

तिच्या अखंड बडबडीमुळे घरच्यांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. सुट्टीत ती आणि मावसभाऊ ढब्बू मामाकडे आले होते. मामा आईस्क्रीमच्या कारखान्यात संगणक सांभाळायचा. तिथल्या शीतगृहाच्या दाराखालून एक गुलाबी ओघळ बाहेर आला होता.

ढब्बूने बोट बुडवून चाटलं. "स्ट्रॉबेरी. पुरावा पक्का."

"पुरावा खाऊ नकोस रे."

दोघं मामाकडे धावली. मामाने शांतपणे पडद्याकडे बोट दाखवलं. "सर्वांत जास्त तापमान उणे अठरा. माझा प्रोग्रॅम एकूण एक आकडा तपासतो. कुणीतरी सांडलं असेल."

टिटवीने पडद्याला नाक लावलं. शीतगृहातल्या खोल्यांच्या कंसात कपाटं, कपाटांच्या कंसात तापमानाचे आकडे. एका कपाटात मात्र आकड्याच्या जागी आणखी एक कंस होता.

"हा काय प्रकार?"

"तिथे परवा छोट्या पेट्या बसवल्या. प्रत्येकीत वेगळा तापमापक."

"आणि आकड्याऐवजी कंस दिसला की प्रोग्रॅम काय करतो?"

"पुढे जातो," मामा म्हणाला आणि त्याचा चेहरा पडला. त्या कंसात लिहिलं होतं, उणे दोन!

"त्याच पेट्यांतलं आईस्क्रीम मुलांच्या इस्पितळात चाललंय. असं वितळलेलं खाऊन पोटं बिघडतील," तो पुटपुटला. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

ढब्बू धूम पळाला आणि फाटकात मांडी ठोकून बसला. ड्रायव्हरकाकांनी भोंगा वाजवला, समजावलं, शेवटी हात जोडले. ढब्बू ढिम्म हलला नाही.

इकडे टिटवी मामाला सांगत होती, "आकडा दिसला, तर आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्याशी ताडून बघायचा. कंस दिसला, तर उघडायचा आणि आत पुन्हा हेच करायचं."

"त्याच्याही आत कंस असला तर?"

"तोही उघडायचा. ढब्बू खाऊ कसा शोधतो? डब्यात डबा निघाला म्हणून थांबतो का?"

मामाने भराभर बदल केले. पडद्यावर आलं, सर्वांत जास्त तापमान उणे दोन.

कारखान्याच्या मॅनेजरबाईंनी ते आईस्क्रीम गाडीतून उतरवून घेतलं आणि इस्पितळासाठी दुसऱ्या कपाटातलं कडक गोठलेलं चढवलं. मग त्या मामाला म्हणाल्या, "तुमचा प्रोग्रॅम दारातून डोकावून परत येत होता. ही पोरगी थेट माजघरात शिरली. आजारी लेकरांची पोटं वाचवली हिने."

"गाडी मी अडवली," ढब्बूने आठवण करून दिली.

"तू तर डोंगरच आहेस, बाळा," ड्रायव्हरकाका कपाळ पुसत म्हणाले.

टिटवी मात्र पुन्हा शीतगृहाच्या दाराशी पालथी पडून मुंगळ्यांना सगळी हकीकत सांगत होती.