झाकण लावलेला लॅपटॉप

माझ्या लेकीला जुळी झाली, त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या हाती लॅपटॉप आला. जावयांनी नवा घेतला आणि जुना हिला दिला. बहिणीला घरात सगळे छोटी म्हणत. पस्तिशी उलटली, लग्नाची बोलणी थांबली, तरी ती छोटीच. भरतकामात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लॅपटॉपवर ती नक्षी काढायची, तीच मग यंत्र कापडावर भरायचं.

लॅपटॉपचं दुखणं एकच. संध्याकाळी काम संपलं की छोटी त्याचं झाकण लावून ठेवायची, आणि सकाळी, ती जिथे काम करायची त्या कापडाच्या दुकानात, गिऱ्हाइकाला नक्षी दाखवायला उघडावा, तर बॅटरी संपलेली.

एकदा अशीच ती प्लग शोधत दुकानातल्या टेबलाखाली शिरली. वर नवरीची आई ताटकळत उभी. टेबलाखाली आधीच एक माणूस बसला होता, दुकानाचा इन्व्हर्टर दुरुस्त करायला आलेला बॅटरीवाला. दोघांची डोकी आपटली.

“लागलं?” त्याने विचारलं.

“ते नंतर बघू. आधी प्लग द्या.”

त्याने आपल्या दिव्याची वायर काढून तिला प्लग दिला आणि स्वतः अंधारात बसून राहिला. हे छोटीने मला घरी येऊन दोनदा सांगितलं.

मग बॅटरीवाला लॅपटॉप बघायला घरी आला. मला ताई म्हणाला. दुकानाच्या मालकिणीलाही तो ताईच म्हणे. छोटीला मात्र काहीच म्हणत नसे, नुसतं “अहो...” म्हणून थांबायचा. त्याने समजावलं, की झाकण लावलं म्हणजे लॅपटॉप बंद होत नाही, डुलकी घेतो. डुलकीतही बॅटरी खातच राहतो, आणि हा जुना लॅपटॉप जरा जास्तच खातो. रोज रीतसर बंद करत जा. छोटीने मान डोलावली.

बंद मात्र ती करत नव्हती. आम्ही दोघी बहिणी शाळेचं तोंड न पाहिलेल्या. बंद करायला गेलं की पडद्यावर चौकट यायची, त्यात काहीतरी विचारलेलं असायचं आणि खाली दोन उत्तरं. एकदा तिने अंदाजाने एक दाबलं आणि नवरीच्या पोशाखावरची अख्खी वेल पुसली गेली. जावयांनी सगळी अक्षरं मराठीत करून दिली होती, म्हणून लाज जास्तच. परक्या भाषेवर ढकलायचीही सोय नव्हती.

पुढच्या खेपेला तो म्हणाला, “बंद करताना काय विचारतो? वाचा बघू.”

“चष्मा सापडत नाहीये,” छोटी म्हणाली.

त्याने स्वतःचा चष्मा काढून पुढे केला. तिने तो लावला. चौकटीकडे बराच वेळ पाहत राहिली...

“तुमचा नंबर फार जास्त आहे.”

“असेल — पण तुम्हाला शोभतो.”

छोटीचे कान लाल झाले. ते लाजेने की लाजण्याने, हे मला दारातून कळत होतं, दोन्हीने.

त्याने नवी बॅटरी घातली. तीही सकाळी संपलेली. त्याने दुसरी घातली. मी छोटीला म्हटलं, सांगून टाक ना त्याला. ती खाली मान घालून म्हणाली, “सांगितल्यावर येईल का तो?”

शेवटी दुकानात भर गिऱ्हाइकांत लॅपटॉप पुन्हा काळा पडला. मालकिणीने बॅटरीवाल्याला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर झाडलं. म्हणाली, बिचारीला हलका माल घातलास, उद्यापासून माझ्या इन्व्हर्टरला हात लावू नकोस. त्याची निम्मी कमाई त्या दुकानावर होती.  तो जमिनीकडे बघत हत्यारं पिशवीत भरू लागला.

छोटी उभी राहिली. 

“बॅटरी चांगली आहे,” ती म्हणाली. “मीच तो बंद करत नाही. बंद करताना जे विचारतो, ते मला वाचता येत नाही.”

कुणीतरी हसलं. छोटी पायांत चप्पल न घालता घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

तासाभराने तो दारात आला, तिच्या चपला हातात घेऊन. मी त्याला आत घेतलं. बराच वेळ तो चपलांवरची धूळच झटकत राहिला.

“मान खाली घालायची तर मी घालायला हवी,” तो शेवटी म्हणाला. “बॅटरी चांगली आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

छोटी वळली. “मग दोनदा बदलली कशाला?”

“यायला काहीतरी... कारण हवं होतं ना.”

“लबाड,” छोटी म्हणाली. रडतही होती आणि हसतही होती. “नुसतं विचारायचं होतं.”

“मग आता विचारतो.”

मी चहाचं निमित्त करून आत गेले. आधण उकळून उकळून आटलं, तरी बाहेर आले नाही.

लग्न साधंच झालं. मालकिणीने इन्व्हर्टरचं काम त्याला परत दिलं, चार शब्द सुनावूनच. तो रोज दुपारी छोटीला अक्षरं शिकवायचा, आणि मी भाजी निवडत शेजारी बसायचे. म्हणून हे मला लिहिता येतंय. त्यांचा संसार सुखाचा झाला, पण फार लांबला नाही. छोटी गेल्या जानेवारीत, इस्पितळात, न्यूमोनियाने वारली. तो तिच्याजवळ होता.