जीभ काढणारा गवंडी

संत क्विरिनस चर्चच्या पायरीवर सकाळी सकाळी हिरवे पापड पडले होते.

निदान पाद्रीणबाई मेख्टिल्डना तरी तसं वाटलं. वाकून उचलले, तर दगडाचे पापुद्रे! त्यांनी वर पाहिलं. दक्षिण दाराच्या कमानीत सातशे वर्षं नगरपालिकेकडे जीभ काढून बसलेल्या दगडी गवंड्याचा डावा गाल सोलला होता. आणि सोललेल्या गालाखालचा दगड? कोरा करकरीत!

पंधरा मिनिटांत इन्स्पेक्टर रोसविता केंपर परांचीवर चढली.

"नकली आहे," ती वरूनच ओरडली. "जुनेपणा नुसता वरून फासलाय. मग अस्सल कुठे गेला?"

खाली जमलेल्या झोस्ट गावच्या लोकांकडे उत्तर तयार होतं. चर्चचा म्हातारा गवंडी गेरोल्ड! परांची त्याची, छिन्न्या त्याच्या. त्या दगडाभोवतीचा जुना चुना डागडुजीसाठी खरवडून काढला, तोही त्यानंच. शिवाय नगरपालिका त्याला नाताळनंतर घरी बसवणार होती. सूड, दुसरं काय!

तेवढ्यात सरकारी वकिलाचा फोन. "बारापर्यंत दुसरं नाव मिळालं नाही, तर म्हाताऱ्याला आत टाका."

साडेनऊ वाजले होते. रोसविताला एका जागी उभं राहवेना. तिनं गेरोल्डला वर बोलावलं.

"गेरोल्डकाका, हे तुम्ही घडवलंत?"

"शिव्या द्यायच्या तर सरळ द्या की, बाई."

"का? वाईट घडवलंय?"

"घडवलंय ठीक. पण थर बघा. उभे आहेत!" त्यानं अंगठ्यानं दगडातल्या बारीक रेषा दाखवल्या. "दगड खाणीत जसा निजलेला असतो, तसाच भिंतीत निजवायचा. उभा केलात की पाणी थरांत शिरतं, थंडीत गोठतं, आणि निघाले पापुद्रे. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"वकील म्हणतील, संशय टळावा म्हणून मुद्दाम केलंत."

"चाळीस वर्षांत मी मुद्दामसुद्धा एक दगड उभा लावला असेल, तर दाखवा म्हणावं."

त्याचा आवाज चढला. रोसवितानं नकली चेहऱ्यावरून बोट फिरवलं. न सोललेल्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, केसाएवढी उठलेली रेघ होती.

"ही रेघ काय आहे?"

"आमच्याला नव्हती. दर वर्षी मी त्याचं तोंड धुतो. खाचन्‌खाच पाठ आहे मला."

"इथं आणखी कोण चढतं?"

"म्युझियमचे डॉक्टर ब्रेडेनोल. मोजमापं घ्यायला. मी नसतो तेव्हा रविवारीसुद्धा. भला माणूस!"

भल्या माणसानं म्युझियममध्ये रोसविताला बसायला खुर्ची दिली, काळ्या पावावर हॅम ठेवून पुढं केलं आणि मोठा उसासा सोडला. "बिचारा गेरोल्ड! रागात माणूस काय करून बसतो!"

"चेहरा म्युझियममध्ये यावा, असं तुम्हालाही वाटत होतं ना?"

"तीनदा अर्ज केला! दर पावसात तो झिजतोय हो. नगरपालिका म्हणते, दारावरच शोभतो."

रोसविता खुर्चीत टेकलीच नाही. पाव हातात घेऊन ती खोलीभर फिरत राहिली. कुलूपबंद काचेच्या कपाटात पांढऱ्या डोक्यांची रांग होती. चर्चवरच्या सगळ्या चेहऱ्यांचे १९३१ सालचे प्लास्टरचे ठसे. बिशप, डुक्कर, दाढीवाला, राणी. प्रत्येकाच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत बारीक रेघ. शेवटी जीभ काढणारा गवंडी.

त्याचा गाल मात्र गुळगुळीत.

पावाचा घास तिच्या तोंडातच राहिला.

पावणेबाराला तिनं पाद्रीणबाई, गेरोल्ड आणि निम्मं झोस्ट म्युझियममध्ये गोळा केलं.

"ज्यानं ही नक्कल केली, त्याच्यासमोर अस्सल चेहरा नव्हता," ती म्हणाली. "गेरोल्डकाकांसमोर तर तो रोज होता. त्यांनी अस्सलावरूनच घडवला असता. ही नकलेची नक्कल आहे! साच्याचे दोन भाग जुळतात, तिथं प्लास्टरवर रेघ उठते. कुणीतरी ठसा यंत्राला दाखवला आणि यंत्रानं तो दगडात कोरला. यंत्राला काय कळतंय? त्यानं रेघही इमानेइतबारे कोरली. आणि थर आडवे ठेवायचे असतात हे सांगायला तिथं एकही गवंडी नव्हता."

"या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" पाद्रीणबाईंनी विचारलं.

सगळ्या माना ब्रेडेनोलकडे वळल्या.

"आणि अस्सल?" रोसवितानं त्याच्याकडून किल्ली घेऊन कपाट उघडलं आणि गुळगुळीत चेहऱ्याच्या मानेवर नख ओढलं. पांढरा रंग निघाला. खाली हिरवा दगड! "ठसा हलवला आणि त्याच्या जागी ह्याला रंगवून बसवला. चुना आधीच निघालेला, म्हणजे उचलायलाही सोपा."

"मी विकला नाही!" ब्रेडेनोल किंचाळला. "वाचवला! दहा वर्षांत त्याची जीभ गळून पडली असती!"

"पडली असती, कबूल. पण सकाळपासून सगळे काकांना चोर म्हणताहेत. तेव्हा तुम्ही काय वाचवत होतात, डॉक्टर?"

ब्रेडेनोल चष्मा पुसत राहिला. रोसवितानं वकिलाला फोन लावला आणि नाव सांगितलं. बाराला चार मिनिटं कमी होती.

गेरोल्ड पुढं आला. त्यानं रंगवलेल्या गालावर तळवा ठेवला. लोक बुटांकडे बघत होते.

"काका," पाद्रीणबाई हळूच म्हणाल्या, "परत कधी बसवूया याला?"

"सोमवारी." त्यानं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "आज तुमच्यापैकी कुणालाही मी माझी शिडी धरू देणार नाही."