वायर कुणी ओढली?

"आता तरी नीट झेल गं!" म्हणत सईनं आपल्या सज्जातून वायरचं वेटोळं पुन्हा गल्लीवरून फेकलं. समोरच्या माडीच्या खिडकीतून अर्धी बाहेर आलेल्या संघप्रियानं या खेपेला ते बरोबर पकडलं. खाली तांब्या घेऊन दुधासाठी उभी असलेली माणसं माना वर करून बघत राहिली.

सगळा खटाटोप संघर्षसाठी चालला होता. संघप्रियाचा हा धाकटा भाऊ सईच्याच वर्गातला. सुट्टी लागल्या लागल्या पठ्ठ्यानं फुटबॉल खेळताना पाय मोडून घेतला आणि प्लास्टर घालून माडीवर बसला. खाली उतरायची सोय नाही. त्याच्याकडे टीव्हीला लावायचा गेमचा कन्सोल होता, सईचा थोरला भाऊ अभिराम याच्याकडेही अगदी तसलाच, आणि मोटारींच्या शर्यतीची सीडीही दोघांकडे एकच. दोन घरांतले कन्सोल वायरनं जोडले तर इकडून दोघं, तिकडून दोघं, चौघांच्या गाड्या एकाच रस्त्यावर पळणार होत्या!

आधी साधी वायर लावून बघितली, तर दोन्ही यंत्रं एकमेकांना ओळखच देईनात. मग कॉम्प्युटर क्लासच्या बंडूदादानं एका टोकाच्या पिनेतल्या तारांची अदलाबदल करून दिली, तेव्हा कुठं सईच्या टीव्हीवर संघर्षची लाल गाडी येऊन उभी राहिली. समोरून अशी आरोळी आली, की सईची आई लाटणं हातात घेऊन बाहेर धावली.

वायर मध्येच लोंबू नये म्हणून अभिरामनं ती गल्लीतल्या उंच लोखंडी खांबाला सुतळीनं बांधली. खांब मंडळाच्या कमानीचा होता. उत्सव संपला, कमान उतरली, पण एवढा एक खांब मंडळाच्या सयाजीरावांनी 'उद्या काढतो' म्हणत तसाच ठेवला होता. त्यांचा उद्या काही उजाडत नव्हता.

दुपारभर लोडशेडिंग. संध्याकाळी वीज आली, की पोरं टीव्हीपुढं. आणि पहिल्याच संध्याकाळी शेवटच्या फेरीत चित्र जागच्या जागी थिजलं. समोरचा खेळाडू निघून गेला, असं टीव्ही सांगायला लागला. सईनं बघितलं तर कन्सोलमधली पिन सुटून बाहेर आलेली. तिचा प्लास्टिकचा चाप तुटका होता हे खरं, पण हात कुणी लावला नव्हता. तिनं पिन परत खोचली. दुसऱ्या संध्याकाळी तेच झालं, तिसऱ्याही. आणि दर वेळी लाल गाडी सगळ्यांच्या पुढं असायची. दिवसभर प्लास्टर कुरवाळत दुसरं काय करणार, विजेची वाट बघत संघर्ष सगळी वळणं मनात घोकून ठेवायचा.

शेवटी तो खिडकीशी आला. चेहरा लाल झाला होता.

"मी पुढं गेलो की वायर निघती. रोज. मला काय कळत न्हाय व्हय?" तो म्हणाला. "हरायचं नसंल तर सरळ सांगायचं. घेऊन जावा तुमची वायर."

आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

सईला असं वाटलं, की कुणीतरी मुस्काटात मारली. पहिलीपासूनची दोस्ती, आणि हा आपल्याला रडी समजतो? रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. सकाळी ती या खोलीतून त्या खोलीत नुसती येरझाऱ्या घालत राहिली. एका जागी बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं, त्यात आता डोक्यात भुंगा शिरलेला. आईनं तर बजावलंच, भांडणं होणार असतील तर आज संध्याकाळी वायर गुंडाळून ठेवायची.

पिन आपण काढली नाही, अभिरामनं नाही. म्हणजे बाहेरून वायरला ओढ बसते. पण ओढतं कोण? दूधवाले हंबीरराव वायरकडे बघून रोज कुरकुरायचे, म्हणून अभिरामचा संशय त्यांच्यावर. सईला ते पटेना. गल्लीतच म्हशीची धार काढताना त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असायचे.

तिनं एक युक्ती काढली. अभिरामच्या फुटबॉल संघाचा छोटा झेंडा वायरला अडकवला, म्हणजे वायर हलली की लांबूनही दिसेल. मग संघप्रियाला हाक मारून निरोप दिला, संघर्षला म्हणावं, तू एकटाच गाडी चालव. आम्ही दोघं सज्जात तुझ्यासमोर हात वर करून उभं राहतो.

बऱ्याच वेळानं खिडकी उघडली. संघर्षच्या हातात गेमचा रिमोट होता.

संध्याकाळी हंबीरराव आले, म्हैस बांधली, लोक जमले, चरवीत धार वाजू लागली. सज्जात अभिरामशेजारी सई हात वर करून उभी! हात भरून आले, पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली. एरवी एवढ्या वेळात ती गल्लीला चार चकरा मारून आली असती. पण आज ती हलली नाही.

धार संपली. हंबीरराव मापानं दूध घालायला वळले. तेवढ्यात झेंडा थयथय नाचायला लागला.

"गेलं!" समोरून संघर्ष ओरडला. "बंद पडलं! सये, तुझं हात तर वरच हाईत की!"

"माझं सोड, खाली बघ!"

सगळी गल्ली खाली बघायला लागली. हंबीररावांची म्हैस, जिला ते रोज त्याच खांबाला बांधायचे, डोळे मिटून मजेत खांबाला मान घासत होती. ती घासेल तसा खांब डुलत होता आणि खांबाबरोबर वायर.

"छ्या! माझी म्हैस लई गरीब हाय," हंबीरराव म्हणाले. म्हशीनं पुन्हा एकदा मनापासून मान घासली. खांब कलला. बुडातल्या विटा निखळलेल्या सईला वरून स्पष्ट दिसल्या आणि ती ओरडली,

"बाजूला व्हा! खांब पडतोय!"

माणसं तांबे घेऊन पांगली. हंबीररावांनी दावं सोडून म्हैस ओढली, दोघातिघांनी खांब धरला. सयाजीराव धोतर सावरत धावत आले, आणि तो खांब त्यांना 'उद्या' नव्हे, आजच, सगळ्यांच्या देखत काढावा लागला.

"पोरी, आज कुणाचं तरी टकुरं फुटलं असतं," ते खाली मान घालून म्हणाले. "आम्हा मोठ्यांच्या ध्यानात आलं न्हाय, ते तू बघितलंस."

हंबीररावांनी चार पेले धारोष्ण दूध वर पाठवलं. म्हशीतर्फे, म्हणाले.

अभिरामनं वायर आता दोन्हीकडच्या कठड्यांना ताणून बांधली. शर्यत पुन्हा सुरू झाली. शेवटच्या फेरीत पहिल्यांदाच सईची गाडी पुढं होती. शेवटच्या वळणावर लाल गाडी आतून घुसली आणि बोटभर अंतरानं जिंकली. वायर जागची हलली नाही.

सई धावत सज्जात आली. समोर संघर्ष काठी टेकून खिडकीत उभा होता, कान पकडून.

"चुकलं," तो म्हणाला. मग दात दाखवत विचारलं, "काय पावणं, आता वायर कुणी ओढली?"

"कुणीच न्हाय," सई म्हणाली. हरल्याचा एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता. "बस खाली लवकर. अजून एक डाव!"