पवनचक्कीपर्यंत

कालवा गोठला की उत्तरेकडच्या थंड फ्रीसलँड प्रांतात माणूस घरात सापडणं मुश्कील. शाळा ओस, दुकानांना कुलूप, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळं गाव पायाला स्केट्स बांधून बर्फावर. आणि अशा दिवशी एक तरणाताठा मुलगा साध्या बुटांत काठावर उभा! हात खिशात, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

सित्स्के आईबरोबर बर्फावर मांडलेल्या टपरीत वाटाण्याचं सूप विकत होती. तिला राहवेना. ती सरसर काठाशी गेली आणि अशी झोकात वळून थांबली की बर्फाचा चुरा त्याच्या बुटांवर उडाला.

"काय रे, बर्फ चावतो का तुला?"

"बर्फ नाही... करार चावतो." तो लाजला. "क्लबाने लिहून घेतलंय. बर्फावर पाय ठेवायचा नाही. घोट्याला काही झालं तर—"

"अगं बाई! म्हणजे तू तो फुटबॉलवाला. योरित ना? नवा दहा नंबर?"

"हो."

"पेपरातल्या फोटोत बरा दिसतोस," ती म्हणाली आणि खो खो हसली. गाल मात्र तिचेच लाल झाले होते. थंडीमुळे, दुसरं काय!

टपरीमागे स्वयंपाकघरातली एक जुनी लाकडी खुर्ची पडली होती. गावातलं प्रत्येक पोर अशीच खुर्ची पुढे ढकलत बर्फावर उभं राहायला शिकतं. सित्स्केने ती ओढत काठाला आणली.

"करारात पाय लिहिलंय ना? बूड तर नाही लिहिलं? बस!"

तो बसला. दोन्ही पाय वर उचलून, खुर्ची घट्ट धरून. आणि ती मागून ढकलत सुटली. वारा कानांत शिरत होता, काठची वाळलेली लव्हाळी भराभर मागे पळत होती.

"ए, हळू गं! माझी किंमत ठाऊक आहे का?"

"आईच्या सुपापेक्षा कमीच असेल."

कालवा वळतो तिथे जुनी पवनचक्की आहे. ती दिसू लागली, तसा तो मान मागे टाकून म्हणाला, "तिथपर्यंत ने ना."

"अंहं. तिथपर्यंत स्वतःच्या पायांनी यायचं."

"येईन. खेळणं संपलं की तुझा हात धरून येईन. शब्द देतो."

"आणि खेळणं कधी संपणार साहेबांचं?"

"असेल... दहा-पंधरा वर्षांनी."

"मेले! तोवर माझी म्हातारी होईल!" असं ती म्हणाली खरी, पण शब्द मनात जपून ठेवला. प्रेमात पडायला माणसाला लागतं तरी काय? एक मोडकी खुर्ची पुरते.

पुढचे दोन हंगाम मात्र सोन्याचे गेले. सामन्यानंतर योरित तिच्या आईच्या टेबलाशी बसायचा आणि चमचे मांडून खेळ समजावायचा.

"हा चमचा म्हणजे आपला पळणारा गडी. तो समोरच्या शेवटच्या गड्याला ओलांडायच्या आत चेंडू माझ्या पायातून सुटायला हवा. जरा उशीर झाला की पंचाचं निशाण वर."

"मग?"

"मग पास कितीही सुंदर असो, वाया."

मैदानावर त्याला कधी उशीर झाला नाही हो. तो चेंडू असा सोडायचा की सगळं स्टेडियम श्वास रोखायचं. घरच्या गोष्टींत मात्र स्वारी नेहमी मागेच. दक्षिणेतल्या मोठ्या क्लबाने त्याला नेलं. आधी तो दर रविवारी यायचा, मग महिन्यातून एकदा, मग नुसता फोन. एकदा देशाची नारिंगी जर्सी मिळाली. गावाने पताका लावल्या आणि योरित पूर्ण वेळ बाकावर बसून राहिला. सित्स्के गावच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवत होती. लग्नाचं निघालं की तो म्हणायचा, "एवढा करार होऊ दे, मग बघू." एक करार झाला की दुसरा उभाच.

बर्फही हट्टी. कित्येक हिवाळे नुसता चिखल झाला. आणि मग एका फेब्रुवारीत कालवा काचेसारखा गोठला. योरित तेव्हा गावातच होता. गुडघा दुखावला होता, पण आता बरा झाला होता. सित्स्केने मनाशी ठरवलं, आज हा बर्फावर उतरला तर आपणच त्याला लग्नाचं विचारायचं. फार झालं वाट बघणं.

"चार पावलं चाल फक्त. मी धरते तुला."

"सित्स्के, अगं इस्तंबूलची माणसं गुडघा तपासायला येणार आहेत. एवढा करार होऊ दे... पुढच्या वर्षी नक्की."

"बर्फाला सांगून ठेवू का, पुढच्या वर्षी ये म्हणून?"

तो हसला. तेच हसू, जीव विरघळवणारं. आणि लाडात येऊन म्हणाला, "खुर्ची आण ना. पहिल्यासारखं..."

तिथे तिच्या आत काहीतरी तुटलं.

"किती वर्षं ढकलू रे तुला खुर्चीवर बसवून?"

तो काहीतरी बोलणार होता. खरंच, त्याचे ओठ हलले होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, एजंटचा. तो 'एक मिनिट' अशी खूण करून वळला आणि बोलत बोलत गाडीपर्यंत गेला. ती काठाशी उभी राहिली, पाय बधिर होईपर्यंत. मग घरी गेली.

नंतर कितीदा तरी तिला वाटलं, आणायला हवी होती खुर्ची. एकदा आणखी ढकललं असतं तर काय हात झिजले असते? पण त्या दिवशी मान ताठ होती, आणि ताठ मानेला मागचं दिसत नाही.

तिने वीगरशी लग्न केलं. वीगर कालव्यावरचा बर्फ झाडतो, जाडी मोजतो, माणसांना सांभाळून नेतो. पावासारखा साधा आणि रोज लागणारा माणूस. मुलगी झाली, नीन्के. तिकडे योरितचा इस्तंबूलमध्ये उदोउदो झाला, मग पुन्हा गुडघा गेला, मग बाक, मग आखातातला एक क्लब. त्याचा शेवटचा सामना सित्स्केने स्वयंपाकघरात फोनवर पाहिला. गडी बदलायची दहा नंबरची पाटी वर गेली आणि तो रिकाम्या खुर्च्यांकडे बघून टाळ्या वाजवत बाहेर आला. कांदा चिरत होती म्हणून बरं, डोळे पुसायला निमित्त झालं.

आणि या जानेवारीत कालवा पुन्हा गोठला.

वीगर टपरीत सूप ढवळत होता. नीन्के खुर्ची ढकलत पडत-उठत होती. सित्स्के वीगरचा ढगळ कोट घालून काठावर, साध्या बुटांत. तेवढ्यात लांबून एक माणूस वेगात आला आणि असा झोकात वळून थांबला की बर्फाचा चुरा तिच्या बुटांवर उडाला.

"काय गं, बर्फ चावतो का तुला?"

कानशिलं पांढरी झाली होती. हसू तेच.

"योरित... तू आणि स्केट्स?"

"शिकलो. वाळवंटात."

"चल, काहीतरीच!"

"शपथ! तिथल्या मॉलमध्ये बर्फाचं मैदान आहे. बाहेर ऊन आग ओततंय, आणि आत मी प्लॅस्टिकचा पेंग्विन धरून बालवाडीतल्या पोरांच्या रांगेत."

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसू सरलं, पाणी राहिलं.

"कशाला रे एवढं?"

"शब्द दिला होता." त्याने हात पुढे केला. "चल. पवनचक्कीपर्यंत."

सित्स्केने कोटाची बटणं काढली. सातवा महिना होता. "मला बंदी आहे बाबा. आता माझा करार आहे."

तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "मग... खुर्चीवर बस. मी ढकलतो."

काय सांगू, तिचा जीव असा धावला की पाऊल उचललंच गेलं! टपरीतून वीगरने पाहिलं, आणि पाठ वळवून तो पुन्हा सूप ढवळू लागला. तो एका शब्दाने बोलला नसता, कधीच. सित्स्केने पाऊल मागे घेतलं.

"नको रे. माझ्या मनातून तुझी ओढ अजून गेली नाहीये. म्हणूनच नको."

"उशीर झाला मला," योरित म्हणाला. "निशाण वर... ना?"

"हो," ती म्हणाली. "पास मात्र फार सुंदर होता."

मग सित्स्केने नीन्केला हाक मारली, तिला खुर्चीवर बसवलं, मफलर नीट गुंडाळला.

"हिला ने. पवनचक्कीपर्यंत."

तो गेला. पाठीत वाकून, जपून, पोरीशी काहीबाही बोलत. ती दोघं पवनचक्कीपाशी वळेतो सित्स्के काठावर उभी होती, एकेकाळी तो उभा होता अगदी तिथेच. वीगरने गरम सुपाचा कप हातात आणून दिला आणि काही न विचारता परत गेला.

परत आणून सोडल्यावर योरितने पोरीची टोपी सारखी केली, सित्स्केकडे बघून मान हलवली आणि एकटाच पुढे निघून गेला. नीन्के खुर्चीवरून उडी मारून आईच्या कोटात शिरली.

"आई, कसला भारी नेतो हा काका! हा याआधी का नाही आला गं?"

सित्स्के दूर जाणाऱ्या त्या पाठीकडे बघत होती.

"त्याची मॅच होती, बाळा," ती म्हणाली.