दुपारची झोप

पीं… पीं… पीं!

वॉशिंग मशीन थांबलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडलं. ती खुर्चीतून उठली ती अनवाणीच धावली, तिने बटण दाबून त्याचं तोंड बंद केलं आणि श्वास रोखून आतल्या खोलीकडे कान दिला. आत खारूने कूस बदलली, ती काहीतरी पुटपुटली… आणि पुन्हा शांत झाली.

वाचले!

खारू म्हणजे तिची पाच वर्षांची लेक. खरं नाव कागदोपत्री. मिळेल ते खिशात साठवून ठेवण्याच्या सवयीमुळे सगळेच तिला खारू म्हणायचे. ही खारू जेवून झोपली की मिळणारा एक तास, तेवढाच काय तो तिचा स्वतःचा. सकाळ दाताच्या दवाखान्यात जायची, लोकांना नंबर देण्यात आणि "डॉक्टर आत्ता येतीलच" म्हणण्यात. संध्याकाळ खारूची. मधला हा तास तिचा.

आणि आज तिने ठरवलं होतं. आज खातं उघडायचंच.

गावच्या वाचनालयाने रोजनिशी लिहिण्यासाठी एक साइट सुरू केली होती. फुकट, साधी, जाहिराती नसलेली. दवाखान्यातल्या फळ्यावर त्याचं पत्रक लागलं होतं. रोज त्याच्याकडे बघून ती मान फिरवायची. संसार चालू होता तेव्हा तिने फोनमध्ये काहीबाही लिहून ठेवलेलं तिच्या नवऱ्याने एकदा मित्रांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं होतं. सगळे पोट धरून हसले. तीही हसली, कारण दुसरं काय करणार? त्यानंतर मात्र तिने एक ओळ लिहिली नाही. नवरा गेला त्याच्या वाटेने, घटस्फोटाचे कागदही झाले. पण ते हसणं काही गेलं नव्हतं.

"बास झालं," ती स्वतःशीच पुटपुटली आणि टाइप करू लागली.

नाव काय घ्यायचं, हे तिच्या मनात पक्कं होतं. दुपारची झोप.

साइटने शांतपणे सांगितलं – हे नाव आधीच घेतलेलं आहे.

तिला रागच आला. साइटने पुढे 'दुपारची झोप २', 'गोड दुपारची झोप' असले पर्याय सुचवले. छे! तिने त्या नावाचं पान उघडून पाहिलं. कुणीतरी काही वर्षांपूर्वी खातं उघडून एकच नोंद लिहिली होती – 'आज झोप आली.' त्यानंतर काही नाही. म्हणजे नाव अडवून हा माणूस खरंच झोपला होता!

पानाखाली निरोप पाठवायची सोय होती. तिने लिहिलं –

"नमस्कार. हे नाव तुम्ही वापरत नाही. मला वापरायचं आहे. द्याल का?"

उत्तर संध्याकाळी आलं, खारूला न्हाऊ घालताना. "नमस्कार. नाव देईन की. पण दुसरं नाव का चालत नाही, ते तरी सांगा."

"कारण माझी मुलगी दुपारी झोपते तेवढ्याच वेळात मला लिहिता येतं. तुम्ही का घेतलं होतंत?"

"मी बेकरीवाला. पहाटेच्या आधी भट्टी लागते, म्हणून दुपारी झोपतो. माझ्यासाठी ते नाव नाही, धर्म आहे."

तिला हसू आलं. टॉवेलातल्या खारूने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, डोळे मिट, साबण जाईल."

दुसऱ्या दिवशी ती चिकाटीने मागे लागली. "मग देणार ना नाव?"

"देतो. पण इतक्या सहजासहजी दिलं तर तुम्ही आभार मानून निघून जाल."

"नाही दिलंत तर रोज त्रास देईन."

"मग तर मुळीच देत नाही."

तिने फोन उशीखाली सारला. थोड्या वेळाने पुन्हा काढला.

शेवटी नाव दिलं त्याने. त्याचीही एक पद्धत होती – त्याने आपली ती एकुलती एक नोंद पुसली, साइटला कळवलं, साइटने तिला चार-पाच ओळींची सूचना पाठवली आणि खाली चौकोन दिला, 'मला मान्य आहे'. त्या ओळी कोण वाचतं? तिने चौकोनात खूण केली. नाव तिचं झालं.

प्रत्येक नोंदीला तीन दारं होती. 'सगळे', 'यादीतली माणसं' आणि 'फक्त मी'. तिने 'फक्त मी'वर बोट नेलं… आणि थांबली. इतकं कडेकोट? मग लिहायचं कुणासाठी? तिने 'यादीतली माणसं' निवडलं. यादीत कुणालाच घ्यायचं नाही, असं ठरवलं. आत येणारं कुणी नाही, पण दार तरी आहे.

आणि ती लिहू लागली. खारूच्या खिशातून निघालेल्या पावाच्या कडांबद्दल. दवाखान्यात दात काढण्याआधी बायकोचा हात धरून बसलेल्या एका आडदांड पैलवानाबद्दल. पडद्यातून जमिनीवर पडणाऱ्या आणि सरकत सरकत खारूच्या पायांपर्यंत जाणाऱ्या उन्हाबद्दल.

बेकरीवाल्याचे निरोप मात्र थांबले नाहीत. उलट आता ते संध्याकाळऐवजी भर दुपारी येऊ लागले, नेमके तिच्या तासात.

"तुम्ही झोपत का नाही?"

"झोपेचं नाव मी दान केलंय. झोपही गेली वाटतं त्याबरोबर."

"मला दोष देऊ नका."

"कोण देतंय? आज पाव करपले, तेव्हासुद्धा मी तुमचं नाव घेतलं नाही. तसं ते मला माहीतही नाही म्हणा."

आता त्याने नवं खातं उघडलं होतं. नाव – 'झोप उडाली'. आणि त्या खात्यावरून एक विनंती तिच्याकडे येऊन पडली होती. 'झोप उडाली यांना तुमच्या यादीत यायचं आहे. हो / नंतर.' तिने 'नंतर' दाबलं. त्याने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तेच तिला जास्त लागलं. हट्ट केला असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं…

एकदा बोलता बोलता त्याने सांगितलं, बेकरी टपाल कचेरीच्या मागच्या गल्लीतली. ती तर तिथूनच पाव आणायची! पुढे गल्ल्यावर चष्मेवाल्या एक बाई बसायच्या. आतली भट्टी, आतला माणूस तिने कधी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून ती पाव कोपऱ्यावरच्या दुकानातून आणू लागली. तो पाव रबरासारखा होता. खारूने तोंड वाकडं केलं, पण तिने ऐकलं नाही.

आणि मग एका दुपारी तिने लिहिलं –

'आज ठरवलं. त्याला सांगायचं, आता लिहू नका. खारू कधी झोपते आणि त्याचा निरोप कधी येतो, असं व्हायला लागलंय. मला तो आवडतो. म्हणूनच नको. स्वतःला पुन्हा कुणाच्या हातात वाचायला द्यायचं नाही.'

नोंद जपून ठेवली आणि ती कपडे वाळत घालायला गेली. परत येऊन पाहते तर नोंदीखाली प्रतिसाद!

हातातला चिमटा खाली पडला. प्रतिसाद? यादीत तर कुणीच नव्हतं!

'पोरी, मी ह्या बेकरीवाल्याची आत्या. हे नाव त्याचं होतं तेव्हा मीच त्याची एकटी वाचक होते. त्याने एक ओळ लिहिली आणि झोपला. मग परवा परवा अचानक नोंदी येऊ लागल्या. मला वाटलं, हाच लिहितोय, शहाणा झालाय. पुढे "माझी मुलगी" वाचलं आणि मी घाबरले – ह्याला मुलगी कधी झाली? मग उमगलं की हे कुणी दुसरंच आहे. तेव्हाच थांबायला हवं होतं. नाही थांबले, चुकलं माझं. त्याला मी काही सांगितलेलं नाही. पण "लिहू नका" म्हणायचं असेल तर त्याच्या तोंडावर येऊन म्हण. रोज करपलेले पाव मी किती दिवस खाऊ?'

तिने ती जुनी सूचना शोधून काढली. तिसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं – नावाबरोबर जुने वाचक तसेच राहतील.

कान तापले. इतके दिवस कुणीतरी वाचत होतं! आणि आत्याने वाचलं म्हणजे त्याने नसेल वाचलं? दोघं एकाच घरातली असणार. चहाच्या वेळी मोठ्याने वाचून हसले नसतील कशावरून?

खातं पुसून टाकायचं बटण समोरच होतं. लाल. तिने त्याच्यावर बोट धरलं… आणि काढून घेतलं.

"नाही. ह्या वेळी मी हसून गप्प बसणार नाही."

तेवढ्यात खारू डोळे चोळत बाहेर आली. तिने तिच्या पायांत चपला सरकवल्या. "चल."

"कुठे?"

"एका माणसाला रागवायला."

"मीपण रागवू?" खारूची झोप कुठल्या कुठे पळाली.

बेकरीच्या दारातच गरम पावाचा वास अंगावर आला आणि तिचा राग क्षणभर लटपटला. गल्ल्यावरच्या चष्मेवाल्या बाई तिला आणि खारूच्या फुगलेल्या खिशांना बघून अर्ध्या उठल्या.

"आलीस? बरं झालं. माझ्यावर ओरड, मी ऐकून घेते."

"तुम्ही… आत्या?"

"हो गं बाई, मीच ती." त्यांनी चष्मा काढून पुसला. नजर वर होईना. "आणि ते यादीतून बाहेर कसं पडतात, ते मला येत नाही. नाहीतर मीच गेले असते."

आतून तो आला. उंच, थोडा वाकलेला, हातांना कोपरापर्यंत पीठ. पापण्यांवरसुद्धा पिठाची भुकटी. तिने मनात शंभरदा काढलेल्या चित्राशी तो जराही जुळत नव्हता… आणि तरी ओळखीचा वाटत होता.

"आत्या, कोण ओरडतंय?"

"अजून कुणी ओरडलेलं नाही," ती म्हणाली. "आता ओरडणार आहे. मी दुपारची झोप."

त्याच्या हातातला ट्रे तिरका झाला. दोन पाव घरंगळत खाली गेले. खारूने एक उचलून खिशात घातला.

"तुम्ही वाचत होतात?"

"काय?"

"माझ्या नोंदी. तुमच्या आत्या यादीत होत्या, पहिल्यापासून. त्यांनी सगळं वाचलंय."

त्याने आत्याकडे पाहिलं. आत्या पावाच्या पिशव्या मोजू लागल्या. त्याचा चेहरा इतका उतरला की ते नाटक असणं शक्यच नव्हतं.

"म्हणून तू मला 'झोप कुणी उडवली रे?' असं चिडवत होतीस!" तो आत्याला म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "मी नाही वाचलं. माझ्या विनंतीला तुम्ही 'नंतर' म्हणालात ना? मग नंतर."

"आत्यांना विचारता आलं असतं."

"ती यादीत आहे, हेच ठाऊक नव्हतं." तो घुटमळला. "ठाऊक असतं तर… विचारावंसं खूप वाटलं असतं. खोटं कशाला बोलू? पण मग तुम्ही मला सांगितलेलं आणि मी चोरलेलं, असं दोन्ही एकत्र कालवलं गेलं असतं. ते नको होतं मला."

ओरडण्यासाठी वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं कुठे सांडली कोण जाणे.

"शेवटच्या नोंदीत मी लिहिलंय," ती हळूच म्हणाली, "की तुम्हाला सांगायचं, आता लिहू नका."

"मग सांगा."

"तेच सांगायला आले होते."

"मग?"

"मग… आता सांगवत नाही."

भट्टीत लाकूड तडतडलं. त्याच्या पापण्यांवरचं पीठ हलत होतं. आत्यांनी पिशव्या मोजायचं थांबवलं होतं, आता त्या उघड उघड ऐकत होत्या.

तिने फोन काढला. विनंत्यांचं पान उघडलं. 'झोप उडाली' अजून तिथेच होता, न कंटाळता.

"वाचून हसलात तर?"

"तुम्ही हसवायला लिहिलं असेल तिथे हसणार," तो म्हणाला. "बाकीच्या वेळी भट्टीकडे तोंड करून वाचेन. कुणी विचारलं तर धूर गेला म्हणेन डोळ्यांत."

तिने 'हो' दाबलं.

त्याच्या अॅप्रनच्या खिशात फोन वाजला. त्याने हात घातला नाही. नुसता उभा राहिला, पिठाचे हात दोन्ही बाजूंना लांब धरून, जणू काही धरायला मिळेल या आशेने.

"बघत का नाही?" तिने विचारलं.

"हात धुऊन बघतो. आणि… शेवटची नोंद सगळ्यात शेवटी वाचतो. पहिल्यापासून सुरुवात करतो. चालेल?"

"चालेल." मग तिने आत्याकडे पाहिलं. "तुम्ही राहा यादीत. पण प्रतिसाद जरा बेताने."

"बघते प्रयत्न करून," आत्या म्हणाल्या आणि चष्मा घालायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

तो हात धुवायला आत गेला आणि धुतलेल्या हातांनी परत आला. एक गरम पाव कागदात गुंडाळून त्याने खारूसाठी म्हणून तिच्या आईच्या हातात दिला. देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. ओली, गरम. तिने हात मागे घेतला नाही. त्यानेही नाही.

खारूने पाव ओढून घेऊन त्याचा वास घेतला. मग त्याच्याकडे खालून वर, अगदी पायांपासून पापण्यांपर्यंत, नीट पाहून घेतलं.

"आई, ह्यांना रागवायचं नाही का मग?"

"नाही."

"मग आपण ह्यांना काय म्हणायचं? काका तर मी सगळ्यांनाच म्हणते. हे आपले कोण?"