दाराकडे तोंड केलेल्या चपला

लोणावळ्याच्या बाजारातल्या बुटांच्या दुकानात सारिका एका पायात नवा बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा घालून बसली होती. तेवढ्यात शेजारी कुणीतरी वर्तमानपत्राचा कागद उलगडला. त्यावर पेनानं गिरवलेलं एक पाऊल होतं. चांगलं ऐसपैस, मावळातल्या शेतकऱ्याचं!

"आबांचं माप आहे," तो दुकानदाराला सांगत होता. "ते स्वतः येत नाहीत. म्हणतात, पाय हितंच ऱ्हाऊ दे, कागद घिऊन जा."

सारिका खुदकन हसली. आवाज तर ओळखीचा वाटतोय... तिनं मान वळवली.

"संदेश?"

"अगं, सारिका!" कागद त्याच्या हातातून निसटलाच.

कॉलेजच्या गाण्याच्या वर्गात ती गायची आणि हा तबल्यावर असायचा. मधे बरीच वर्षं गेली होती, पण गालावरची खळी तेवढी तशीच होती मेल्याची!

"तू आणि असले जाडजूड बूट?"

"टाच दुखते रे. रिसॉर्टच्या रिसेप्शनवर दिवसभर उंच टाचांच्या सँडल घालून उभी असते. बसून उठलं, की पहिली पावलं टाकताना जीव जातो नुसता. आज कुठं मॅडमनी बुटांना परवानगी दिली."

बोलता बोलता तिनं दुसरा बूट चढवला आणि चार पावलं चालून बघितली. "आई गं... किती बरं वाटतंय!" तिच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"नशीबवान आहेत बूट," संदेश हळूच म्हणाला. "असं बघतेस त्यांच्याकडे..."

"तोंड बघ आधी!" ती लाजली, पण तिला आवडलं होतं.

"रविवारी तिकोणा पेठेला ये, आमच्या घरी. गाण्याची जुनी मंडळी जमतायत. गायचंय तुला."

तिचं हसू मावळलं. "मी नाही गात आता. मागच्या एका कार्यक्रमात गाणं संपलं, उठायला गेले... आणि अनवाणी पाऊलच टाकवेना. लंगडत उतरले. टाळ्या थांबल्या रे मधेच, सगळे नुसते बघत राहिले. पेटी-तबल्यापाशी काही पायताण घालून बसता येत नाही. मग सोडलंच."

संदेशनं खाली पडलेला कागद उचलून त्याची घडी घातली. "गाऊ नकोस. जेवायला तरी ये. आई मासवडी करणारे."

आता मासवडीला नाही कोण म्हणणार? रविवारी ती गेली. ओसरीच्या पायरीशी चपलांचा ढीग पडला होता. तिनं बूट काढले आणि भिंत धरून आत गेली. वर्गातल्याच कोमलनं पेटी उघडली, गाणी रंगली. सारिका आपली मांडीवर ताल धरून बसली होती. मग संदेशनं तबल्यावर एक ठेका धरला. तिच्याच गाण्याचा! मान वर करून त्यानं फक्त तिच्याकडे पाहिलं...

पहिला सूर कापला. दुसरा लागला, आणि मग मात्र टाच कुठली, पाय कुठला, तिला काही आठवेना! ती मनसोक्त गायली.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या, मंडळी हसतखिदळत जेवायला मागच्या पडवीत गेली. सारिका तशीच बसून राहिली. आता उठायचं कसं? भिंत धरायला ती वळली, तर सतरंजीशेजारी तिचे बूट ठेवलेले! तळ ओल्या फडक्यानं पुसलेले आणि तोंडं दाराकडे.

"घरात बूट? नको, मावशी..." ती दारात आलेल्या संदेशच्या आईला, सरुबाईंना म्हणाली.

"माजं घर हाय. मी म्हनते, घाल! देव काय दुकऱ्या पायावर रुसतो व्हय?" असं म्हणून सरुबाई पानं वाढायला गेल्या.

सारिका त्या बुटांकडे बघतच राहिली. कॉलेजात वर्गाच्या दाराशी असाच ढीग असायचा. पण तिच्या चपला नेहमी बाजूला काढून, तोंडं बाहेर करून ठेवलेल्या. पाय सरकवायचे आणि देहूरोडची लोकल गाठायला पळायचं! तिला वाटायचं, हे शिपाई गेणूमामांचं काम. दिवाळीला त्यांना चकल्यांचा डबासुद्धा दिला होता तिनं.

"संदेश... त्या चपला तू ठेवायचास?"

तो तबल्याला खोळ घालत होता, ओलं फडकं अजून खांद्यावरच. कानापर्यंत लाल झाला. "गाडी चुकली की तू रडवेली व्हायचीस. बघवायचं नाही."

"आणि चकल्या गेणूमामांनी खाल्ल्या?"

"मला एक दिली होती."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"बोलणार कधी? चपला घातल्या की तू भुर्रकन पसार!"

"येड्या, फिरवून ठेवल्या नसत्यास, तर दोन मिनिटं तरी थांबले असते ना!"

संदेशनं खोळ बाजूला ठेवली. "तेव्हा थांबवायची हिंमत नव्हती. आज सांगतो. तू मला आवडतेस, सारिका. तेव्हापासून..."

आपल्या पायांची एवढी काळजी कुणीतरी वाहत होतं, आणि आपण आभार मानले ते भलत्याचेच! तिला भरून आलं. तिनं बूट घातले आणि उठली. टाच दुखली, पण पाऊल पडलं. ती सरळ ओसरीवर गेली.

संदेश मागोमाग आला. चेहरा एवढासा झाला होता. "निघालीस? कामशेतहून गाडी गाठायची असेल..."

सारिका पायरीवर टेकली. तिनं बूट काढले आणि तोंडं घराकडे करून ठेवले, त्याच्या चपलांना लावून.

"जाऊ दे गाडी," ती म्हणाली. "आज मला घाई नाही. आणि उद्याही नसेल."

"म्हणजे...?"

"आरं, मासवडी निवली की!" आतून सरुबाईंनी हाक मारली.

सारिकानं भिंत धरली नाही. तिनं हात पुढे केला. "धर. अनवाणी आहे मी."